मांडवावरचं लाल लुगडं

आंजी गावच्या चतुराबाईला आकाशाकडे बघायची सवय आधी मुळीच नव्हती. भाजीच्या वावरात राबणाऱ्या बाईची नजर खाली असते. वांग्याला कीड लागली का, मेथी पिवळी पडली का, डुकरं कोणत्या अंगानं शिरली, सगळं खालीच. पाऊस येणार की नाही एवढ्यापुरतं वर बघायचं, तेही कामाचा खोळंबा न करता. पण गेली दीड वर्षं तिच्या मानेला उसंत म्हणून नव्हती. कुठून बारीकशी घरघर आली की हातातला विळा तसाच, आणि मान वर. शेजारच्या वावरातली अनुसयाबाई तिला म्हणायची, "चतुरा, तुही मान एक दिवस अशीच अडकून राहीन."

"राहू दे," चतुराबाई म्हणायची. "पोरगी वरतं असन तर मी खाली पाहून काय करू?"

काळजी करण्यात या बाईचा हात कुणी धरला नसता. नवरा, मधुकरराव, पहाटे भाजीची गाठोडी घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायचा. तीस वर्षं जात होता, रस्ता त्याच्या तळपायाला पाठ होता. तरी त्याचा "पोचलो" असा फोन येईपर्यंत ही बाई चहा प्यायची नाही. कुत्रं अवेळी भुंकलं की ही उठून दाराशी. दार जोरात वाजलं की छातीवर हात. आता अशा बाईच्या पोटी विमान उडवणारी पोरगी जन्माला घालायची, म्हणजे देवालाही काय मस्करी सुचते बघा.

पोरीचं नाव आचल. बारावीला गणितात चांगले मार्क पडले, कुठूनशी शिष्यवृत्ती मिळाली, आणि सोनटेकडीच्या माळावर जी लहान विमानांची धावपट्टी झाली होती तिथल्या शाळेत पोरीला जागा मिळाली. सोनटेकडी चतुराबाईच्या वावरापासून जेमतेम दीड-दोन कोस. दोन-चार माणसं बसतील अशी पांढरी विमानं तिथून उडायची, बोर धरणाच्या अंगाला जाऊन सराव करायची आणि परत यायची. चतुराबाईला वाटलं होतं, पोरगी शिकायला मुंबई-पुण्याला गेली असती तर निदान डोळ्याआड असती. इथं तर रोज डोक्यावर.

पहिल्यांदा आचल एकटी उडाली, त्याच्या आदल्या रविवारी ती घरी आली होती. आईची समजूत काढायला तिनं अंगणात काडीनं एक मोठा चौकोन आखला.

"हे पाह्य. ही धावपट्टी. हिच्याभोवती सगळ्यायनं असं चौकोनात फिरायचं. सगळ्यायनं डावीकडंच वळायचं. मंग कोनी कोनाच्या आडवं येत नाई."

"अन् धरनाकडून येनारं?"

"ते वरच्या उंचीवरून येते. आपल्या वावरावरून सरळ कापसाच्या जिनिंगच्या चिमनीपर्यंत. तिथून डावीकडं वळून मंग खाली उतरून चौकोनात शिरते. नाल्याच्या पल्याड फिरनारे खाली, आपल्या वावरावरून जानारे वर. दोन माळ्याचं घर समज."

"अन् सांगनारा साहेब कुठं बसते? तू इकडून ये, तू थांब, असं?"

"आपल्याकडं तसा कोनी नाई. आपनच रेडिओवर सांगायचं, मी इथं हाओ, मी तिथं हाओ. अन् डोळे उघडे ठेवायचे."

"म्हंजे चौकात पोलीसच नाई," चतुराबाई म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं भाकरी अर्धीच खाल्ली.

मग मागच्या उन्हाळ्यात एक प्रकार घडला. चतुराबाई वांग्याच्या ओळीत चक्कर येऊन पडली. मधुकरराव बाजारात, अनुसयाबाई माहेरी गेलेली. बाई दोन तास उन्हात तशीच पडून होती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी पाय दिसले म्हणून वाचली. आचल दवाखान्यात आली तेव्हा तिचा चेहरा आईपेक्षा पांढरा. ती म्हणाली, "मी तुह्या डोक्यावरून गेलती त्या दिवशी. तू खाली पडून होती अन् मी वरून गेली."

ते तिच्या मनाला फार लागलं. वावर नाल्याकडे उतरतं, तिथं मोबाईलला रेंज नाही, आणि आचलचा फोन तर सकाळी सातलाच शाळेत जमा व्हायचा. म्हणून पोरीनं एक युक्ती काढली. दोडक्याच्या मांडवावर रोज सकाळी लाल लुगडं टाकायचं. धरणाकडून परत येताना आचल वरून एक नजर टाकणार. लुगडं दिसलं म्हणजे आई बरी आहे. मग ती विमानाचे पंख जरासे हलवणार, म्हणजे खालीही समजेल की पोरगी बरी आहे.

ते लुगडं हिंगणीच्या हिरालालच्या कापडदुकानातलं, पुतणीच्या लग्नात घेतलेलं. रंग असा भडक की नेसायची लाज वाटावी. मांडवावर मात्र तो शोभून दिसायचा. विमानं सगळी सारखीच पांढरी, आणि कोणतं कोण चालवतंय हे खालून देवालाही कळायचं नाही. त्यामुळे पंख हलेपर्यंत येणारं प्रत्येक विमान चतुराबाईच्या लेखी आचलचंच असायचं. पंख हलले की ती दीर्घ श्वास सोडायची आणि कामाला लागायची. सात-आठ महिने हे बिनबोभाट चाललं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, शेतात शिरू नयेत म्हणून आम्ही वावराच्या भोवती जुन्या साड्या बांधतो. फडफडणारं रंगीत कापड दिसलं की जनावर बिचकतं. पौष महिन्यात आमचं शिवार बघाल तर वाटेल सगळ्या गावानं धुणं वाळत घातलंय. चतुराबाईच्या वावरालाही नाल्याच्या अंगानं अशाच साड्या होत्या, निळी, हिरवी, एक फाटकी पिवळी.

त्या मंगळवारी सकाळी ती वावरात आली तर नाल्याकडच्या वांग्याची पार नासधूस. डुकरांनी पिवळी साडी ओढून नेली होती आणि तिथं चांगलं बैलगाडीएवढं भगदाड पडलं होतं. चतुराबाईचा संताप झाला. डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती कापड शोधायला लागली. खोपीत काही नव्हतं. समोर मांडवावर लुगडं होतं. आत्ताच तर टाकलं होतं तिनं. तिच्या मनात आलं, आचल यायला अजून अवकाश आहे, तोवर बांधू, मग घरून दुसरं आणू आणि हे परत टाकू. तिनं लुगडं ओढलं आणि नाल्याकडे गेली. बांबू रोवायला वेळ लागला, तुडवलेली रोपं उचलून लावायला त्याहून वेळ लागला. आणि मग बाई विसरली. दीड वर्षात मान खाली न घालणारी बाई त्या एका सकाळी मान खाली घालून वांग्यात रमली.

घरघर आली तेव्हा तिच्या हातात लुगड्याचा एक पदर होता, शेवटची गाठ बाकी होती. तिनं वर पाहिलं. विमान वरच्या उंचीवरून मांडवावर आलं आणि पुढं गेलं. पंख हलले नाहीत. म्हणजे आचल नाही, असं तिनं मनाशी म्हटलं.

पण विमान चिमणीकडे गेलंच नाही. ते उजवीकडे वळलं. इतक्या दिवसांत तिनं एकही विमान उजवीकडे वळताना पाहिलं नव्हतं. वळून ते परत मांडवावर आलं, पुन्हा वळलं, आणि दर फेरीला थोडं थोडं खाली यायला लागलं. कोंबडीवर घार फिरते तसं. चतुराबाईला काहीच उमगेना. यंत्र बिघडलं का, पडतं का काय, म्हणून ती तशीच वर बघत राहिली.

आणि तेवढ्यात नाल्याच्या पल्याडून दुसरं विमान आलं. ते आपलं खालच्या उंचीवर, सरळ, नेहमीच्या रस्त्यानं. घिरट्या घालणारं खाली खाली येतंय आणि नाल्याकडे सरकतंय, दुसरं नाकासमोर चाललंय. खालून तिला दोन्ही दिसत होती. त्या दोघांना एकमेकांचं काही दिसत असल्याचं कुठलंच लक्षण नव्हतं.

चतुराबाई ओरडली. कोण ऐकणार? मग तिनं हातातलं लुगडं दोन्ही हातांनी वर धरून जिवाच्या आकांतानं हलवलं. बाजूला हो, बाजूला हो. घिरटी घालणारं विमान त्या लाल रंगाकडे आणखी कललं.

एका विमानानं दुसऱ्याला झाकलं. तिनं डोळे मिटले आणि आवाजाची वाट पाहत उभी राहिली.  आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा खालच्या विमानानं नाक टाकून सूर मारलेला होता आणि नाल्यावरच्या बाभळींच्या शेंड्यावरून ते कसंबसं वर उठत होतं, डगमगत. दुसरं मात्र शांतपणे आणखी एक वळण घेऊन चिमणीच्या दिशेनं निघून गेलं, जणू काही झालंच नव्हतं.

ती बांधाबांधानं धावत विहिरीजवळच्या चिंचेखाली गेली. तिथं रेंज येते. आचलचा फोन बंद. अकरा वाजेपर्यंत तिनं किती वेळा लावला याला गणती नाही. शेवटी निरोप आला, "उतरली. आई तू बरी हाय ना? लुगडं मांडवावर नव्हतं."

चतुराबाईनं एक एक अक्षर शोधत लिहिलं, "बरी हाओ. विसरली." दुसरं काही विचारायची तिची छाती झाली नाही. त्या दोन विमानांत आचल नव्हती, असं तिनं ठरवून टाकलं. माणूस काय वाटेल ते ठरवू शकतो. मधुकररावालाही तिनं सांगितलं नाही. बुधवारभर ती कामाशिवाय तोंड उघडेना, तेव्हा त्यानं विचारलं, तब्येत बरी नाही का, तर म्हणाली, डुकरांनी वांगी खाल्ली.

गुरुवारी दुपारी हिंगणीचा हिरालाल स्कूटी घेऊन वावरात आला. दुकानात गादीवर बसून सगळ्या गिऱ्हाइकांची थट्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी बांधावर उभा राहिला तो पाहुण्याच्या दारात उभं राहावं तसा. त्याचा मुलगा निकेशही आचलच्याच शाळेत होता, तिच्या मागच्या वर्षाला. नुकताच एकटा उडायला लागला होता.

"बाई, मंगळवारी सकाळी तुमी वावरातच होत्या ना?"

"हव."

"मंग तुमाले काई दिसलं असन. निकेश म्हंते, तो आपल्या चौकोनात होता, आपल्या उंचीवर होता, अन् वरून एक विमान एकदम त्याच्या अंगावर आलं. त्यानं खाली सूर मारला म्हून वाचला. तुमची आचल म्हंते, मी सरळ चिमनीकडं गेली, मले कोनी दिसलं नाई. ती जुनी, हा नवा. मोठ्या सरायले तिचंच खरं वाटून राह्यलं. म्हंतेत, पोरगा घाबरला, उंची चुकला, अन् आता दुसऱ्यावर ढकलून राह्यला."

चतुराबाईनं विळा खाली ठेवला. वांग्याच्या रोपाला हात लावून उभी राहिली.

"मले समजते, तुमची पोरगी हाय. तुमाले नाई विचारायला पायजे. पन खाली तुमच्याशिवाय होतंच कोन?" हिरालाल थांबला. "पोरगा म्हंते, इतकी जवळ होती की मले तिच्या केसातली हिरवी क्लिप दिसली. मान खाली घालून काहीतरी पाहून राह्यलती म्हंते. एकदाबी वर पाह्यलं नाई. तीन दिवस झाले, पोरगा तेच सांगून राह्यला, हिरवी क्लिप, हिरवी क्लिप. त्याच्या मायनं, रुख्मिणीनं, जेवन सोडलं. सोमवारी फैसला हाय. त्याचं उडनं बंद करतीन."

हिरवी क्लिप चतुराबाईनंच वर्ध्याहून आणून दिली होती, दिवाळीला. आपण ठरवलेलं सगळं कोसळताना तिला आतल्या आत ऐकू आलं. आणि तरी तिच्या तोंडून काय निघालं?

"माहं ध्यान खाली होतं, भाऊ. वांग्यात."

ज्या बाईची मान दीड वर्ष खाली येत नव्हती, ती असं म्हणाली. हिरालालला ती सवय ठाऊक नव्हती का? साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं. मग नाल्याकडच्या कुंपणाकडे नजर गेली तशी म्हणाला, "ते लाल आपल्याच दुकानातलं दिसते."

"हव. तुमच्याच."

तिनं मेथीच्या दोन जुड्या त्याच्या हातात कोंबल्या. तो नको म्हणाला नाही. हात जोडून निघून गेला. स्कूटीचा आवाज दूर जाईपर्यंत चतुराबाई तिथंच उभी होती आणि आपल्या थोबाडीत मारून घ्यावंसं तिला वाटत होतं.

रविवारी आचल घरी आली. केसांत क्लिप नव्हती. मधुकररावाला एव्हाना सगळं कळलेलं होतं, कारण गुरुवारी संध्याकाळी बाईला रडू आवरलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "घरातली गोष्ट घरात राहू द्या," आणि बैल नसलेल्या गोठ्यात जाऊन उगाच दावी नीट करत बसला.

आचल आणि आई ओट्यावर समोरासमोर बसल्या, मध्ये सुपात वाटाण्याच्या शेंगा.

"तू काऊन वळली?" आईनं विचारलं.

"लुगडं दिसलं नाई. मले वाटलं, पुन्हा पडली." आचल शेंग सोलत राहिली. "मंग नाल्याकडं लाल दिसलं. मले वाटलं, तू तिथं पडली हाय अन् लुगडं अंगावर हाय. म्हून खाली आली. मंग ते हालायला लागलं, तवा समजलं तू उभी हाय."

चतुराबाईच्या हातून शेंगा सांडल्या. बाजूला हो म्हणून तिनं हलवलेलं लुगडं पोरीला इकडं बघ म्हणत होतं.

"निकेशले तू पाह्यलं होतं का?"

"नाई."

"एकदाबी?"

"नाई आई. उतरल्यावर त्यानं सांगतलं तवा समजलं." आचलनं हातातली शेंग टाकून दिली. "मी सरायले सांगतलं असतं तर मले काढून टाकलं असतं. दोन वर्षं गेली माह्यी. निकेश नवा हाय, त्याले पुन्हा शिकवतीन. अन् कोनाले काई झालं का? नाई ना झालं?"

चतुराबाई सांडलेल्या शेंगा गोळा करायला लागली. तिला पोरीचा राग आला नव्हता. निकेशची कीव आली होती, हिरालालपुढं बोललेल्या खोट्याची लाज वाटत होती, पण त्या क्षणी तिला जे सोडत नव्हतं ते वेगळंच होतं. नाई, असं पोरगी म्हणाली होती. एकदाही दिसलं नाही. म्हणजे मरण बांबूभर अंतरावरून गेलं आणि पोरीला त्याचा वारासुद्धा लागला नाही. हे खोटं पचलं, तर उद्या मांडव रिकामा दिसला की ती पुन्हा वळणार, पुन्हा मान खाली घालणार. आणि दर वेळी समोर सूर मारून वाचवणारा निकेश असेलच असं नाही.

"मी उद्या येईन शाळेत," ती म्हणाली.

"आई, नको येजो."

"येईन."

आचल जेवली नाही. जाताना आईच्या पायाही पडली नाही.

सोमवारी चतुराबाईनं नाल्याकडचं लुगडं सोडलं, झटकलं, घडी करून पिशवीत घातलं आणि ऑटोनं सोनटेकडीला गेली. शाळेत जायची ती तिची पहिलीच वेळ. काचेच्या दाराशी तिनं चपला काढल्या आणि आत गेली. खोलीत मोठे सर टेबलामागं बसलेले, एका बाजूला आचल, दुसऱ्या बाजूला निकेश आणि हिरालाल. निकेश म्हणजे मिसरूड फुटलेलं पोर, डोळे खोल गेलेले. हिरालालनं तिला पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"आपण कोण?" सरांनी विचारलं.

"मी आचलची माय. ज्या वावरावर हे झालं ते माहं वावर." तिनं पिशवीतलं लुगडं काढून टेबलावर ठेवलं. नाल्याची माती अजून त्याला होती. "हे माहं हाय. म्या हे मांडवावरून काढून कुंपनाले बांधलं. पोरीले वाटलं मायले काई झालं. म्हून ती फिरली, म्हून खाली आली. अन् मंग म्या हेच हालवलं. चूक माही हाय, साहेब. हा पोरगा आपल्या रस्त्यानं सरळ चालला होता. म्या पाह्यलं. हिरालालभाऊले मी खोटं बोलली."

 सर लुगड्याकडे बघत होते, त्यांना बहुधा त्याचं काय करावं कळत नव्हतं.

मग आचल उठली. आईकडे न बघता ती म्हणाली, "आईची चूक नाही, सर. लुगडं टाकायला मीच सांगितलं होतं. उजवीकडे मी वळले. ठरलेली उंची मी सोडली. रेडिओवर मी काहीच बोलले नाही. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं मी बोलले." आणि मग तिचं शाळेतलं शुद्ध बोलणं गळून पडलं, ती निकेशकडे वळली. "मले तू दिसलाच नाई रे. खरंच नाई दिसला."

 निकेशनं फक्त मान हलवली आणि बाहीनं डोळे पुसले.

सरांनी निर्णय त्याच दिवशी दिला. निकेश दुसऱ्या दिवसापासून उडणार. आचलला काढलं नाही, पण तीन महिने तिनं एकटीनं विमानात बसायचं नाही. पहिल्या धड्यापासून पुन्हा, शेजारी शिक्षक. तिच्याबरोबरची पोरं पुढं निघून जाणार होती, हे ती जाणून होती. बाहेर येऊन ती भिंतीशी उभी राहिली, चतुराबाई तिच्या शेजारी उभी राहिली. हिरालाल जाताना थांबला. "बाई, मेथी चांगली होती," म्हणाला. त्याला बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसावं.

घरी आल्यावर चतुराबाईनं लुगड्याच्या चिंध्या केल्या. दातानं धरून टरटर फाडल्या आणि त्यांनी दोडक्याचे वेल मांडवाला बांधले. वरून पान दिसतं, बांधलेली चिंधी दिसत नाही. वरून सरळ जाणाऱ्या आचलला आई बरी आहे की नाही हे आता उतरल्यावर फोनवरच समजणार होतं. मधुकररावानं त्यासाठी एक केलं. बाजार लवकर उरकून तो दहाच्या आत वावरात यायला लागला आणि विहिरीजवळ चिंचेखाली फोन घेऊन बसून राहायला लागला. विचारलं तर म्हणायचा, उन्हाचा त्रास होतो.

चैत्रात आचल पुन्हा एकटी उडाली. तारीख तिनं सांगितली नव्हती. आई आणखी काळजी करेल म्हणून नव्हती सांगितली, आणि चतुराबाईनंही विचारली नव्हती. त्यामुळे आता पुन्हा येणारं प्रत्येक विमान आचलचंच, आणि पंख हलायचे नाहीत, म्हणजे कळायचंही नाही. काळजी कमी झाली का म्हणाल तर अजिबात नाही. उलट दुप्पट झाली.

पण एक बदललं. घरघर ऐकू आली की चतुराबाई आता मान वर करत नाही. हातातलं काम टाकते आणि लगबगीनं मांडवाखाली शिरते. दोडक्याची पानं चैत्रात चांगली दाट होतात. तिथं वाकून, पाय पोटाशी घेऊन ती बसते, पदर पुढं ओढते, लाल-हिरवं काही बाहेर दिसू नये म्हणून. अनुसयाबाईनं एकदा विचारलं, "चतुरा, आता विमानाले भेतं का तू?"

"हव," ती म्हणाली.

वरून विमान येतं. चतुराबाई श्वास धरून पानांच्या सावलीत बसलेली असते. आवाज डोक्यावर येतो, तेव्हा तिला बाहेर धावत जावंसं वाटतं, दोन्ही हात वर करावेसे वाटतात. ती दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरते. "खाली नको पाहू," ती पुटपुटते. "मी बरी हाओ. पुढं पाह्य, माय, पुढं पाह्य." आवाज चिमणीकडे सरळ जातो, कुठंही न वळता, आणि पार विरून गेल्यावरच ती मांडवाखालून बाहेर येते.